नाद करायचा तर असा: कोल्हापुरातून रॉक फेस्टिवलला जाणाऱ्यांसाठी

उद्यमनगरात माझं जॉबवर्कचं शॉप आहे. दोन सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, धातू कातायचं एक जुनं लेथ, आणि भिंतीवर विश्वकर्म्याच्या फोटोशेजारी एडी. एडी म्हणजे आयर्न मेडन या इंग्लंडच्या बँडचा तो दात विचकणारा सांगाडा. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी फोटोला नमस्कार करतं, मग हळूच विचारतं, "हे काय वो, करणीबिरणीचं काय हाय काय?" मी सांगतो, आमचं दुसरं कुलदैवत आहे. निम्मे हसतात, निम्मे खरं मानून जातात.

२०२५ च्या मार्चमध्ये भाचीला घेऊन मुंबईला लोलापालूझा या संगीत फेस्टिवलला जाऊन आलो. ८ तारखेला ग्रीन डे हा अमेरिकेचा बँड पहिल्यांदा भारतात वाजवणार होता आणि ताईची अट होती, मामा बरोबर असेल तरच जायचं. तेव्हापासून भाचीच्या मैत्रिणी मला फोन करतात. मामा, तिकीट कसं काढू? मामा, बूट घालू का चप्पल? मामा, कानात काय घालायचं म्हणे ते? हातात मापाचं व्हर्निअर आणि खांद्यावर फोन अशा अवस्थेत तेच तेच सांगून दमलो, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

एक पेठ, एक संघ

फॅन म्हणजे काय हे कोल्हापूरकराला शिकवायला नको. पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या संघांची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमवर काय होतं ते आपण बघतोच. संघ हरला म्हणून कोणी पेठ बदलत नाही. बँडचंही तसंच धरा. वीस बँडची दोन-दोन गाणी पाठ असण्यापेक्षा एका बँडचे सगळे दिवस माहीत असू देत, पडत्या काळासकट.

माझंच सांगतो. स्टीव्ह हॅरिसनं १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये मेडन काढलं. हा बाबा बेस गिटार वाजवतो, आणि पोरवयात वेस्ट हॅम क्लबात फुटबॉलचा सराव करून आलेला. आजही त्याच्या बेसवर वेस्ट हॅमचं चिन्ह असतं. म्हणजे आपल्यातलाच, पेठेतला माणूस. १९९३ ला गायक ब्रूस डिकिन्सन बँड सोडून गेला. त्याच्या जागी ब्लेझ बेली आला, १९९५ आणि १९९८ ला दोन अल्बम आले, लोकांनी नाकं मुरडली. १९९९ ला ब्रूस परत आला. आता त्या दोन अल्बमपैकी दुसरा मला आजतागायत आवडलेला नाही, पण वर्षातून एकदा पूर्ण ऐकतो. घरातला वाया गेलेला भाऊ दिवाळीला जेवायला येतोच की.

ऐकायचं कसं? नवीन माणसानं आधी लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकावं, मग पहिल्या अल्बमपासून क्रमानं, आठवड्याला एक. मोबाइलच्या स्पीकरवर नको, बेस ऐकूच येत नाही. आणि प्रत्येक वेळी एकच वाद्य धरून ऐका. एकदा फक्त ड्रम, एकदा फक्त बेस. आमचे एक चुलते तालमीत हलगी वाजवायचे. त्यांना मी हॅरिसचा बेस ऐकवला. तो पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, न वापरता बोटांनी वाजवतो आणि त्याची ठरलेली चाल घोड्याच्या दौडीसारखी, एक लांब, दोन आखूड, एक लांब, दोन आखूड. चुलत्यांनी मिनिटभर डोळे मिटले आणि टिपॉयवर बोटांनी तेच धरलं. "कुस्ती लागायच्या टायमाला आम्ही हेच वाजवत हुतो की," म्हणाले. त्यांना गाणं अजून कळलेलं नाही, पण बेस कळला.

ज्या गावात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब गायले त्या गावाला बसून ऐकायची सवय आहे. ती सवय रॉकलाही चालते, फक्त बसून राहता येत नाही.

आणखी एक. २००८ ला मुंबईत एका पोरानं माझा टी-शर्ट बघून मला इंग्रजीत विचारलं, पाच गाणी सांग बघू. माझं मराठी कानावर पडलं होतं त्याच्या, म्हणून ही परीक्षा. मी पाचच्या जागी पहिल्या दोन अल्बमची सगळी गाणी क्रमानं सांगितली, पण मूड गेला तो गेलाच. दुसऱ्याला असली परीक्षा कधी घेऊ नका. कालच ऐकायला लागलेलं पोरगं असेल, येऊ द्या की त्याला.

पैसे आणि तिकीट

आम्ही पाच जण भिशी चालवतो, महिन्याला पाचशे. साधी भिशी दर महिन्याला कोणाला तरी लागते, आमची लागतच नाही. ती साठते, आणि कोणी मोठा बँड यायचं जाहीर झालं की फुटते. एखाद्या वर्षी कोणीच आलं नाही तर पैसे पुढं जातात. अचानक अंगावर येणारा खर्च यामुळं टळतो. तिकिटाचा आकडा बघून घाबरू नका आणि फसूही नका. तिकिटाएवढाच खर्च प्रवास, मुक्काम, आतलं खाणं आणि पाणी यावर होतो, तो धरूनच हिशेब करा. फेस्टिवलची तिकिटं टप्प्याटप्प्यानं महाग होत जातात. कोण वाजवणार ते जाहीर व्हायच्या आधीचा टप्पा सगळ्यात स्वस्त. ज्याला फेस्टिवलच आवडतो त्यानं तेव्हाच काढावं. ज्याला एकाच बँडसाठी जायचंय त्यानं नावं येईपर्यंत थांबावं आणि जास्त पैसे मोजावेत, तक्रार करू नये.

विक्रीच्या दिवशी काय करायचं: खातं आदल्या दिवशीच उघडून ठेवा, फोन नंबर आणि कार्ड टाकून ठेवा, वेळेआधी दहा मिनिटं रांगेच्या पानावर जाऊन बसा. रांगेचा नंबर लागला की पान रिफ्रेश करायचं नाही, नाहीतर गेला नंबर. २२ सप्टेंबर २०२४ ला कोल्डप्ले या इंग्लंडच्या बँडच्या तिकिटांच्या वेळी आमच्या शॉपमध्ये चार जणांनी चार फोन धरले होते, मशीन बंद. एकालाही मिळालं नाही. नंतर तीच तिकिटं लाखाच्या भावानं फिरत होती. तिथं थांबायचं. काळ्या बाजाराचं तिकीट घ्यायचं नाही. तत्त्वाची गोष्ट बाजूला राहू द्या, व्यवहार बघा. ते तिकीट म्हणजे एक क्यूआर कोड असतो, आणि त्याचा स्क्रीनशॉट काढून विकणारा तो एकालाच विकतो असं कशावरून? गेटवर जो आधी पोचला तो आत. माझा एक मित्र असाच गेटवरनं परत आला. बाहेर रस्त्यावर उभं राहून त्यानं सगळा कार्यक्रम ऐकला, ड्रम तेवढे नीट ऐकू आले म्हणाला.

बँडचा अधिकृत फॅन क्लब असेल तर त्याचं सभासदत्व बघा. मेडनच्या क्लबात सभासदांना तिकिटं आधी मिळतात आणि सोडत काढून काही जणांना पहिल्यांदा आत सोडतात, थेट कठड्यापर्यंत. मेडन २००९ च्या फेब्रुवारीत बेंगलोरला वाजवून गेले, त्यानंतर त्यांची वाट बघण्यात माझे केस गेले. तरी वर्गणी भरतोच.

कार्यक्रम रद्दही होतात. २०११ ला मेटालिका या अमेरिकेच्या बँडचा गुडगावचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला, दोनच दिवसांनी बेंगलोरचा मात्र दणक्यात झाला. तिकिटाचे पैसे परत मिळतात, हॉटेलचे आणि बसचे मिळतीलच असं नाही. मुक्काम नातेवाइकांकडं करा. नातं अशा वेळी उपयोगी पडतं.

जायचं कसं

२००७ साली मी एकवीस वर्षांचा होतो, डिप्लोमा चालू होता. १७ मार्चला मेडन पहिल्यांदा भारतात, बेंगलोरच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवणार होते. मी पिशवी भरली. आप्पा पेपर वाचत बसलेले.

"कुठं निघालास?"

"बेंगलोरला. मशीनचं प्रदर्शन हाय."

आप्पांनी पेपर खाली केला नाही. "मशीनचं प्रदर्शन जानेवारीत असतंय. हा मार्च हाय."

पुढं बोलायला माझ्याकडं काही नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी पाचशेची नोट टिपॉयवर ठेवली आणि म्हणाले, मुक्काम कुठं करणार ते आईला सांगून जा. म्हणून सांगतो पोरींनो, घरी खरं सांगा. कुठं, कोणाबरोबर, परतीची गाडी कोणती, आणि एका कागदावर दोन फोन नंबर. मैदानात हजारो लोक जमले की मोबाइलला रेंज राहत नाही. कोणाचा हात सुटला तर भेटायची जागा आत शिरल्या शिरल्या ठरवा. "स्टेजजवळ" ही जागा नव्हे. "दुसऱ्या गेटजवळच्या पाण्याच्या टाकीपाशी" ही जागा.

कोल्हापूरचं एक बरं आहे, आपण पुणे-बेंगलोर हायवेवरच बसलोय. कावळा नाक्यावरून रात्रीची बस धरली की निपाणी, बेळगाव, हुबळी करत सकाळी बेंगलोर. पुण्याचा एनएच७ वीकेंडर हा संगीत फेस्टिवल २०१० ला सुरू झाला तेव्हा तर आम्हाला अंगणात जत्रा भरल्यासारखं वाटलं होतं, सकाळी निघून दुपारी मैदानात. मुंबईसाठी महालक्ष्मी एक्सप्रेस, रात्री बसा, सकाळी दादरला उतरा. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका. लोलापालूझा महालक्ष्मी रेसकोर्सवर असतो, आणि दादरहून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल धरली की प्रभादेवी, लोअर परळ, मग महालक्ष्मी. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कार्यक्रम असेल तर आणखी सोपं, कोल्हापूरची बस पनवेलवरनंच जाते, मुंबईत शिरायचंच नाही.

आमच्या आईच्या डोक्यात या महालक्ष्म्यांचा गोंधळ झाला. महालक्ष्मी एक्सप्रेसनं महालक्ष्मीला चाललोय एवढंच तिनं ऐकलं आणि भाचीच्या हातात नारळ, खण आणि ओटीचं सामान दिलं. "तिकडच्या देवीला बी आपल्या अंबाबाईचा नमस्कार सांग." नारळ घेऊन फेस्टिवलच्या गेटवर गेला तर तपासणीवाले आत सोडणार नाहीत, ते हत्यार धरतात. सकाळी आधी देवळात गेलो, ओटी भरली, मग रेसकोर्स. भाचीनं एका हाताला देवळातला दोरा आणि दुसऱ्या हाताला फेस्टिवलचा पट्टा बांधला आणि त्याचा फोटो आजीला पाठवला.

परतीचं मात्र आधी ठरवा. महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईहून निघते त्या वेळेला मुख्य बँड स्टेजवर चढत असतो. ती गाडी मिळणार नाही, धरून चाला. एक रात्र मुंबईत काढा किंवा सायन-पनवेल रस्त्यावर थांबणारी उशिराची खासगी बस आधी बुक करा. कार्यक्रम रात्री दहाला संपतो, ते गणपतीमुळं आपल्याला पाठच आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम, उघड्या मैदानात दहानंतर स्पीकर बंद. पोलीस तिथंही घड्याळ बघत उभे असतात, आपल्या मिरवणुकीत असतात तसेच.

अंगावर आणि पिशवीत

कोल्हापुरी पायताण घालून जाऊ नका. मी २००७ ला गेलो होतो, ऐट म्हणून. पॅलेस ग्राउंड्सच्या तांबड्या धुरळ्यात पहिल्या अर्ध्या तासातच कोणाचा तरी बूट अंगठ्यावर पडला, दुसऱ्या तासाला पट्टा तुटला, आणि राहिलेला कार्यक्रम मी एका पायात चप्पल घालून बघितला. पुढून बंद, जुने, पायाला बसलेले बूट घाला. नवे नकोत.

पिशवी जितकी छोटी तितकं गेटवर बरं. पाण्याची भरलेली बाटली, छत्री, डिओ, सेल्फी स्टिक, सगळं काढून घेतात. पावसाळी वातावरण असेल तर प्लॅस्टिकचा रेनकोट घडी करून खिशात. भडंगाची पुडी आत जात नाही, म्हणून गेटबाहेर उभं राहून संपवा आणि मगच रांगेत लागा. आतलं खाणं महाग आणि रांग लांब. मार्चमधली मुंबई म्हणजे घामाची आंघोळ, तेव्हा दुपारपासून पाणी पीत राहा, तहान लागायची वाट बघू नका. मनगटाच्या पट्ट्यात पैसे भरायची पद्धत असेल तर थोडे थोडे भरा. उरलेले परत मिळवायला नंतर अर्ज करावा लागतो आणि तो करायचा आपण विसरतो.

कान

हा भाग नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

१ फेब्रुवारी २००८. मेडनच्या नव्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर होता. बँड आपल्या बोइंग ७५७ विमानातून आला होता आणि विमान चालवत होता खुद्द गायक, ब्रूस डिकिन्सन. माणूस पगारी वैमानिक होता, हौसेचा नव्हे. मी एवढा खुळावलो होतो की उजव्या बाजूच्या स्पीकरच्या भिंतीसमोर, अगदी हात लागेल इतका जवळ, पूर्ण वेळ उभा राहिलो.

तीन दिवस उजव्या कानात कुकरची शिट्टी. चौथ्या दिवशी वर्कशॉपमध्ये एका जॉबला, म्हणजे गिऱ्हाइकाच्या धातूच्या तुकड्याला, खोल भोक पाडत होतो. ड्रिल बोथट होत आलं की त्याचा आवाज बदलतो, आधी बारीक किंचाळतं, मग घरघर येते. लेथवर काम करणारा माणूस डोळ्यांपेक्षा कानानंच काम करतो. मला तो बदल ऐकूच आला नाही. ड्रिल आत तुटलं, जॉब भंगारात गेला. आमचे जुने मिस्त्री समोर उभे होते. त्यांनी तीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनशेजारी काढलेली, त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "माझ्या लायनीत यायची घाई हाय व्हय रं तुला?"

हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काढले तर कान सहसा सुखरूप राहतो. त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असं करत करत १०० ला पाव तास. रॉक कार्यक्रमात स्टेजजवळ आवाज सहज १०० च्या वर असतो, आणि कार्यक्रम दोन तासांचा. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. शिट्टी थांबली म्हणजे कान बरा झाला असं समजू नका.

उपाय म्हणजे कारखान्यात मिळणारे फोमचे बोळे, नारिंगी किंवा पिवळे. सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात किरकोळ पैशाला मिळतात. पण नव्वद टक्के लोक ते चुकीचे घालतात, कानाच्या तोंडाशी चिकटवून ठेवतात आणि म्हणतात काही फरक पडत नाही. असं करा. हात स्वच्छ धुवा. बोळा दोन बोटांत धरून हळूहळू वळा, फुलवात वळतो तसा, सुरकुती न पडता बारीक होईपर्यंत. मग दुसरा हात डोक्यावरून मागनं नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागं ओढा. उजव्या कानाला डावा हात. असं ओढलं की आतली वाट सरळ होते. बोळा आत सरकवा आणि बोटानं दाबून वीस-तीस सेकंद धरा, तो फुगून बसेपर्यंत. आता स्वतःशी मोठ्यानं बोला. आवाज डोक्याच्या आत, माठात बोलल्यासारखा घुमला तर बोळा नीट बसला.

फोमचा तोटा एवढाच की तो वरचे सूर जास्त खातो, त्यामुळं गायकाचा आवाज रजईखालून आल्यासारखा वाटतो. संगीतासाठी वेगळे, फिल्टर बसवलेले प्लग मिळतात, ते सगळे सूर सारखेच कमी करतात. महाग आहेत, पण धुऊन वर्षानुवर्षं वापरता येतात. भाचीला मी तेच घेऊन दिले. पहिल्या बँडला लाजली, काढून ठेवले. दुसऱ्या बँडच्या तिसऱ्या गाण्याला गुपचूप परत घातले. मी बघितलं नाही असं दाखवलं.

कुठं उभं राहायचं

पुढं कठड्याला उभं राहणं ही एक नशा आहे आणि ती एकदा तरी करावी. त्यासाठी दुपारी गेट उघडताच आत शिरून सहा-सात तास जागा सोडायची नाही, म्हणजे पाणी बेतानं आणि लघवीला रजा. मागून रेटा येतो, छाती कठड्यावर दाबली जाते. दम कोंडला तर लाजू नका, पुढच्या सुरक्षारक्षकाला हात वर करून दाखवा, ते उचलून बाहेर घेतात.

पण आवाज तिथं चांगला नसतो. चांगला आवाज हवा असेल तर मैदानाच्या मध्यावर साउंडवाल्यांचा मांडव असतो, त्याच्या जरा पुढं, मधोमध उभं राहा. मिक्सरवर बसलेला माणूस जे ऐकून आवाज जुळवतोय तेच तुम्हाला ऐकू येतं. खूप मागं गेलात तर एक गंमत दिसेल. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून शंभर मीटरवर ड्रमची काठी पडलेली आधी दिसते आणि ठोका नंतर ऐकू येतो. मोठ्या मैदानात यासाठी मागं वेगळे स्पीकरचे मनोरे उभे करतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात.

मधल्या गर्दीत पोरं गोल करून एकमेकांवर आदळतात. त्यालाही नियम आहेत. कोपर वर करायचं नाही. कोणी पडलं की सगळ्यांनी थांबून आधी त्याला उचलायचं. कोणाचा बूट, चष्मा सापडला की हात उंच करून धरायचा. नको असेल त्यानं कडेला सरकायचं, कोणी हसत नाही. पोरींना कोणी मुद्दाम हात लावत असेल तर ओरडा, आजूबाजूचे बहुतेक लोक तुमच्याच बाजूनं उभे राहतात. तरी एकटीनं मध्ये जाऊ नका.

पॅलेस ग्राउंड्सवरची ती वेळ. मेडनचं एक गाणं आहे, त्याच्या सुरुवातीला गिटारची एक सावकाश चाल येते आणि लोक शब्दांच्या जागी ती चालच गातात, नुसतं ओ-ओ-ओ. मी ते कोल्हापुरात माझ्या खोलीत कितीतरी वर्षं एकट्यानं गायलेलं. शेजारच्या काकूंनी एकदा आईला विचारलंही होतं, पोराला बरं नाही का म्हणून. त्या रात्री स्टेजवरचे दिवे गेले, गिटार सुरू झाली, आणि माझ्या डावीकडं एक मल्याळी, उजवीकडं एक नागालँडचा, पुढं एक टक्कल पडलेले गृहस्थ आपल्या पोराला खांद्यावर घेऊन, सगळे तेच ओ-ओ-ओ गायला लागले, एका सुरात. मी गायलोच नाही. तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. एका पायात चप्पल, दुसरा पाय मातीवर, आणि नुसता ऐकत उभा.

म्हणून मोबाइलबद्दल सांगतो. एक गाणं काढा, घरच्यांना दाखवायला. मग खिशात ठेवा. मागच्या माणसाला तुमचा हात दिसतो, बँड दिसत नाही.

दुपारचे बँड

संध्याकाळी पाचला यायचं आणि मोठं नाव बघून जायचं, असं करणारे लोक पैसे वाया घालवतात असं माझं मत आहे. उन्हात, शंभर-दोनशे लोकांपुढं वाजवणारे बँडच खरे फेस्टिवल. २००७ ला मेडनच्या आधी दिल्लीचा परिक्रमा वाजवून गेला, रॉकमध्ये व्हायोलिन. मी तोवर व्हायोलिन फक्त लग्नाच्या हॉलमध्ये ऐकलं होतं. दिल्लीचाच ब्लडीवुड ढोल आणि मेटल एकत्र वाजवतो आणि २०१९ ला जर्मनीच्या वाकेन फेस्टिवलला जाऊन आला. असे बँड आधी कोणत्या तरी दुपारच्या उन्हातच वाजवत असतात.

दोन स्टेजवर एकाच वेळी दोन बँड असतात तेव्हा वेळापत्रक आदल्या रात्री कागदावर लिहून घ्या, हिरवं आणि लाल. हिरवं म्हणजे काही झालं तरी बघणार. हिरवी तीनच ठेवा. बाकी वाऱ्यावर सोडा, नाहीतर पूर्ण दिवस एका स्टेजकडून दुसऱ्याकडं पळण्यात जातो, वासराच्या मागं धावल्यासारखा. छोट्या बँडचा टी-शर्ट किंवा सीडी तिथंच, त्यांच्या हातून विकत घ्या. मोठ्या बँडला तुमच्या आठशे रुपयांनी फरक पडत नाही, या पोरांच्या गाडीचं डिझेल त्यातनं निघतं.

परत आल्यावर

दुसऱ्या दिवशी मशीनवर उभं राहू नका, कान आणि डोकं दोन्ही जागेवर नसतात. मी सोमवारची सुट्टी आधीच टाकतो आणि गिऱ्हाइकांना सांगतो, गावाला गेलोय. सकाळी बसमधनं उतरलं की सरळ मिसळ, कट जास्त. घसा बसलेला असतो, तो त्यानं सुटतो किंवा पूर्ण बंद होतो, दोन्ही चालतं. कानातली शिट्टी दोन दिवसांनीही राहिली तर कानाच्या डॉक्टरकडं जा, आयुर्वेदिक तेलाचे थेंब घालत बसू नका.

टी-शर्ट उलटा करून, गार पाण्यात, हातानं धुवा आणि सावलीत वाळवा. मशीनमध्ये घातला की छाप चिरतो. आणि घरच्यांना, शॉपमधल्या पोरांना नीट सांगून ठेवा की हा कपडा कोणता आहे. माझा २००७ चा काळा टी-शर्ट विरला होता खरा, पण मी तो शॉपच्या कपाटात घडी करून ठेवला होता. नव्या हेल्परनं दिवाळीच्या साफसफाईत तो काढला आणि चार तुकडे केले. आता लेथच्या बेडवरचं कूलंट आणि धातूचा कीस पुसायला वापरतो. परवा चक साफ करायला फडकं उचललं तर त्यावर एडीचा एक डोळा आणि अर्धा जबडा. पोरगं म्हणालं, "शेठ, लई चांगलं फडकं हाय, तेल झक्कास पितंय."